आमच्या धाकटीचा स्टुडिओ

धाकटी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा कपड्यांची बॅग एकच होती, बाकी सगळं सामान. सामान म्हणजे नेमकं काय, ते कुणाला कळेना. माझ्या नवऱ्याने त्यातली लांबलचक पिशवी उचलायला घेतली आणि कमरेला हात लावून परत खाली ठेवली. सासूबाईंना, म्हणजे आईंना, राहवेना, त्यांनी चेन ओढून बघितलं. आत लोखंडी स्टँड, वायरींची वेटोळी, थर्मोकोलचे तुकडे, कपडे वाळत घालायचे चिमटे आणि काळ्या कागदाच्या सुरळ्या. आई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "हिच्या माहेरी भंगाराचं दुकान आहे का गं?"

धाकटीने ते ऐकलं. "नाही आई. पण तिकडेही सगळे हेच विचारायचे," असं म्हणून ती खळखळून हसली. आईही हसल्या. निम्मी लढाई तिने तिथेच जिंकली.

मी तिची थोरली जाऊ. दोघा भावांच्या बायका, एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात. जावाजावांचं नातं कसं असतं ते कुणाला सांगायला नको. भांड्याला भांडं लागायचं ते लागलंच. पण तिच्या कामाची गोष्ट निघाली की मी भांडण बाजूला ठेवते, कारण ते काम मी पहिल्यापासून डोळ्यांनी पाहिलंय, आणि बऱ्याचदा हातांनीही.

लग्न झालं तेव्हा ती एका फोटो स्टुडिओत नोकरीला होती. लग्नं, वाढदिवस, ओळखपत्रं. काम चोख होतं, पण जीव रमत नव्हता. एकदा भांडी पुसता पुसता मला म्हणाली, "वहिनी, माणसांना हसा म्हटलं की ती हसतात, आणि फोटो तिथेच संपतो. मला वस्तूंचे फोटो काढायचेत."

"वस्तूंचे? कसल्या वस्तूंचे?"

"ह्याचे," म्हणून तिने माझ्या हातातला काचेचा पेला काढून घेतला आणि खिडकीशी धरला. "बघा, याची कड बघा. किती बारीक रेघ आहे उजेडाची."

मी बघितलं. मला पेला दिसला. नीट धुतला गेला होता, एवढं समाधान वाटलं.

पुढे त्या स्टुडिओच्या म्हाताऱ्या मालकाने दुकान विकलं आणि तिथे चपलांचं दुकान आलं. धाकटीला दुसऱ्या स्टुडिओत जागा मिळत होती. ती तिने घेतली नाही. एका रविवारी सगळे जेवायला बसलेले असताना तिने सांगून टाकलं, "मी आता नोकरी करणार नाही. कारखान्यांसाठी, दुकानांसाठी, जाहिरातींसाठी फोटो काढणार. माझं मी."

आमच्या सासऱ्यांनी हातातला घास ताटात ठेवला. बाबांनी आयुष्यभर एका मोठ्या छापखान्यात यंत्रं दुरुस्त केली होती. महिन्याच्या महिन्याला पगार हाच त्यांच्या जगाचा पाया.

"मग पगार कोण देणार?" त्यांनी विचारलं.

"ज्याचं काम असेल तो."

"आणि काम कोण देणार?"

"ते शोधायचं."

"म्हणजे आज आहे, उद्या नाही."

"हो बाबा. असंच आहे ते."

तिने काही गुळगुळीत उत्तर दिलं नाही, हे मला फार आवडलं. बाबांनी भाऊजींकडे, म्हणजे तिच्या नवऱ्याकडे बघितलं. भाऊजी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. बोलण्यावर कर लागतो असं समजून वागणारा माणूस. ते पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "मी आहे की."

निश्चय झाला, पण दाखवायला हातात काही नव्हतं. नवरानवरीचे फोटो घेऊन कुलपांच्या कारखान्यात कसं जायचं? मग तिने घरातल्याच वस्तूंचे नमुन्यादाखल फोटो काढायला घेतले. गॅलरीत चादरी बांधल्या, टेबलावर पांढरा कागद असा वळवून लावला की टेबल कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळू नये. किटली झाली, कात्री झाली, माझं मनगटी घड्याळ झालं. आणि एक दिवस ती बाबांपुढे जाऊन उभी राहिली. "बाबा, तुमची हत्यारांची पेटी देता?"

त्या पेटीला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. बाबांनी बराच वेळ विचार केला आणि एक पाना काढून दिला. "एकच. आणि पुसू नको त्याला. तेल असू दे."

"पुसणार नाही. तेल आहे म्हणून तर हवाय."

तो पाना गॅलरीत दिवसभर पडून होता आणि ती त्याच्याभोवती उजेड परतवणारे थर्मोकोलचे तुकडे इकडचे तिकडे करत होती. आई म्हणाल्या, "एवढी सेवा ही माझी आजारपणात करेल का?" पुढच्या आठवड्यात तिने मोठा फोटो करून आणला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला. बाबांनी चष्मा लावला. पान्याच्या दांड्यावर, जिथे वर्षानुवर्षं एकच बोट दाबलं गेलं होतं, तिथे धातू झिजून बशीसारखा खोलगट झाला होता आणि नेमका त्या खोलगट जागेत उजेड साठला होता. बाकी सगळा पाना काळपट, तेलकट, आपल्या तोऱ्यात.

बाबांनी फोटोतल्या त्या जागेवर अंगठा टेकवला. मग स्वतःशीच म्हणाले, "माझा अंगठा इथेच बसतो." एवढं बोलून उठले आणि आतून अख्खी पेटी आणून तिच्या टेबलावर आदळली. "हे पण घे. पण काढलेलं जागच्या जागी गेलं पाहिजे."

त्यानंतर बाबांनी पगाराचा विषय काढला नाही.

पुढची दोन वर्षं मात्र तिने नुसते उंबरे झिजवले. जाड पुठ्ठ्याचा अल्बम काखेत मारून सकाळी निघायची. कुठे रखवालदारच आत सोडायचा नाही. कुठे मालक अल्बम न उघडताच म्हणायचा, "आमचा भाचा काढतो ना फोटो, चांगला कॅमेरा आहे त्याच्याकडे." एकाने सगळे फोटो मन लावून बघितले, तारीफ केली आणि शेवटी विचारलं, "मुलीच्या वाढदिवसाला याल का?" ती गेली सुद्धा. घरात हातभार लागायला हवा होता, आणि वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यांत कुणीतरी कारखानदार असेलच, हा तिचा हिशेब. घरी आली की पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि त्या त्या माणसाची नक्कल करून दाखवायची. आम्ही पोट धरून हसायचो. हसताना मी तिच्या टाचांकडे बघायचे. भेगा पडल्या होत्या.

पहिलं खरं काम दिलं साबणवाल्याने. झुबकेदार मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस, घरामागच्या शेडमध्ये साबण करायचा. त्याने टेबलावर आपली वडी आणि आपलं जुनं पत्रक आपटलं. "साबण माझा लोण्यासारखा आहे हो, पण फोटोत विटेसारखा दिसतो! लोक घर बांधायला नेतील."

हे काम आमच्याच गॅलरीत झालं. "वहिनी, हात द्या," धाकटी म्हणाली. मी दिले. माझी बोटं लांब आहेत हे मला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं. मी साबणाचा फेस ओंजळीत धरून उभी, आई थर्मोकोलचा तुकडा धरून उभ्या, बाबा दिव्यावर लक्ष ठेवून उभे. "आई, जरा डावीकडे. अजून जरा. थोडं मागे." आई पुटपुटल्या, "या घरात आजवर मी सगळ्यांना सरकवलं, आता मलाच सरकवतायत." फेस बसला की पुन्हा हात धुवायचे, पुन्हा फेस करायचा. संध्याकाळपर्यंत माझी बोटं सुरकुतून मनुक्यासारखी झाली आणि धाकटी म्हणाली, "झालं. आता मऊ दिसतोय."

मग त्याच साबणवाल्याच्या पातळ साबणाची काचेची बाटली आली, तिने मात्र आमचा अंत बघितला. प्रत्येक फोटोत बाटलीच्या पोटात काहीतरी पिवळं दिसायचं. तासभर शोधल्यावर कळलं, तो माझा गाऊन. गाऊन बदलला तर बाबांचा पांढरा सदरा दिसायला लागला. तेव्हा धाकटीने मला एक गोष्ट समजावून सांगितली, जी मी अजून विसरले नाही. "वहिनी, चकचकीत वस्तूचा फोटो नसतोच काढायचा. तिच्यात जे दिसतं त्याचा काढायचा. आपण तिच्यापुढे काय ठेवतो, तेवढंच आपल्या हातात." मग तिने बाटलीच्या दोन्ही बाजूंना काळ्या कागदाच्या पट्ट्या लावल्या आणि आम्हा सगळ्यांना काळे कपडे घालायला लावले. दारात दूध घ्यायला गेलेल्या बाबांना शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुम्ही घरातल्यांनी मिळून वाद्यवृंद काढलाय का?"

साबणाचं नवं वेष्टन बाजारात आलं. मी मुद्दाम दुकानात गेले. फळीवर ओळीने माझे हात. मी दुकानदाराला म्हटलं, "हे हात माझे आहेत." त्याने वेष्टनाकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "मग दोन घेऊन जा."

साबणावरून कुलपं आली, कुलपांवरून बूट, बुटांवरून विजेऱ्या. गॅलरी पुरेना, तेव्हा तिने टायरच्या दुकानाच्या वरची जुनी गोदामाची खोली भाड्याने घेतली. जिना लोखंडी, खाली दिवसभर रबराचा वास, पण छत उंच आणि खिडकी मोठी. भाऊजींनी सुट्टी काढून खोलीच्या दोन भिंती रंगवल्या, एक पांढरी आणि एक काळी. दारावर पाटी लागली. त्या दिवशी धाकटी बाहेर आली, तिने दार लावलं, पाटी वाचली, पुन्हा आत गेली. असं दोनतीनदा केलं. कुणी बघत नाही असं तिला वाटत होतं, पण मी जिन्यात होते.

मग फर्निचरची मोठी कंपनी आली. खुर्च्या, टेबलं, कपाटं, पलंग. दर हंगामाला नवा माल, दर मालाचे शेकडो फोटो. त्यांचा जाहिरातींचा माणूस इतका चिकित्सक की धाकटीने त्याचं नाव 'पुन्हा' ठेवलं होतं, कारण तेवढा एकच शब्द त्याच्या तोंडी असायचा. पण पुन्हाचं आणि तिचं जमलं. काम इतकं वाढलं की बाकीच्या लहान गिऱ्हाइकांना ती नाही म्हणायला लागली. भाऊजींनी एकदा जेवताना म्हटलं, "एका खुंटीवर किती कपडे टांगशील?" ती म्हणाली, "खुंटी दणकट आहे." आणि होतीही, बरीच वर्षं.

एक दिवस पुन्हाची बदली झाली आणि त्याच्या जागी नवा साहेब आला. त्याने धाकटीला बोलावून संगणकाच्या पडद्यावर एक खोली दाखवली. खिडकीतून ऊन आलेलं, खाली सतरंजी, उन्हात एक आरामखुर्ची. "कसा वाटतो फोटो?" त्याने विचारलं. "सुंदर," ती म्हणाली. "ही खुर्ची अजून बनलेलीच नाही," तो म्हणाला. "खोलीही नाही, ऊनही नाही. सगळं यातच केलंय. आता आम्हाला फोटोंची गरज लागणार नाही."

ती घरी आली तेव्हा मी भाजी निवडत होते. समोर बसली आणि निवडायला लागली. निम्मी जुडी झाल्यावर म्हणाली, "वहिनी, चांगलं होतं हो ते. वाईट असतं तर रागावता तरी आलं असतं."

त्यानंतरचे महिने कठीण गेले. ती रोज वेळेवर स्टुडिओत जायची, काचा पुसायची, वायरी गुंडाळायची, फरशी झाडायची. फोन वाजला तर तो चुकीचा नंबर असायचा. घरी येऊन नकला करणं बंद झालं. चाळिशी ओलांडलेली बाई पुन्हा अल्बम काखेत मारून पहिल्यापासून सुरुवात कशी करणार, असं मला वाटायचं, पण बोलून दाखवायचा धीर नव्हता. बोलले ते बाबा. तेव्हा ते बरेच थकले होते, खुर्चीतच असायचे. एका संध्याकाळी तिला जवळ बोलावून म्हणाले, "यंत्र बंद पडलं की नवशिके त्याला लाथ घालतात. तसं करायचं नाही. कुठलं चाक अजून फिरतंय ते आधी बघायचं."

दुसऱ्या दिवशी ती साबणवाल्याकडे गेली. त्याचा आता चांगला मोठा कारखाना झाला होता. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, आवाज तोच. त्याने खुर्ची दिली, चहा दिला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "बाई, तुम्ही मोठ्या झालात, आमचे फोन घेईनात. मग आम्ही दुसरा बघितला. मुलगा चांगला आहे, आता त्याला कसा काढू?"

"काढू नका," धाकटी म्हणाली. "बरोबर केलंत तुम्ही."

निघताना त्यानेच हाक मारली. त्याच्या ओळखीत एक मालकीणबाई होत्या. वडिलांची काचेच्या दिव्यांची भट्टी चालवायच्या. प्रदर्शनासाठी त्यांना पुस्तिका छापायची होती. "काम छोटं आहे. चालेल?" धाकटी म्हणाली, "पळेल."

आता पुढचं मी स्वतः बघितलेलं आहे, कारण स्टुडिओचे दिवे सरकवणारा हात म्हणून तिने मलाही बोलावलं होतं. मालकीणबाई स्वतः मोटारीतून खोकं मांडीवर घेऊन आल्या. आत भुशात ठेवलेला एकच दिवा. धुरकट निळ्या काचेचा, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ. त्यांच्याकडच्या सगळ्यांत जुन्या कारागिराने केला होता. त्या कारागिराला भट्टीवर सगळे फुंकरकाका म्हणत. चार दिवे तडकले तेव्हा हा पाचवा जमला, आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर हाच यायचा होता.

सकाळभर काम छान चाललं. दुपारी मालकीणबाई खाली कुणाला तरी फोन करायला गेल्या. धाकटीला दिवा एवढासा फिरवून हवा होता, म्हणून तिने स्टँडचा चिमटा सैल केला. माझे हात काही अंतरावर होते, तिचे अगदी जवळ, आणि तरीही तो निसटला. आवाज मोठा झाला नाही. एखाद्याने जीभ टाळ्याला लावून चुकचुकावं, तेवढाच.

माझ्या मनात काय काय येऊन गेलं! आधीच तडा होता म्हणावं, वाऱ्याने पडदा लागला म्हणावं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. जिन्यावर पावलं वाजली. मालकीणबाई दारात आल्या आणि त्या काही विचारायच्या आत धाकटी म्हणाली, "दिवा फुटला. चिमटा मी सैल केला, माझ्या हातून पडला."

मालकीणबाई तुकड्यांपाशी वाकल्या. "काका म्हणाले होते, असा परत होणार नाही."

"मी येते तुमच्याबरोबर. त्यांना मी सांगते."

"ते फार तापट आहेत हो."

"जन्मभर भट्टीशी उभे आहेत. थंड कसे असतील?"

तिने सगळे तुकडे, अगदी चिमटीत न येणारेसुद्धा, कागदावर ओढून खोक्यात भरले आणि आम्ही तिघी निघालो.

भट्टीची शेड म्हणजे नुसती धग आणि घरघर. भट्टीच्या तोंडाशी पांढरट नारिंगी उजेड, बाकी सगळं अंधारलेलं, लांब लोखंडी नळ्या घेऊन माणसं एकमेकांना न धडकता ये-जा करतायत. फुंकरकाका बारीक अंगाचे होते. गाल फुंकून फुंकून सैल पडलेले, हातांवर जुन्या चटक्यांचे डाग. धाकटीने खोकं त्यांच्यापुढे ठेवून झाकण उघडलं. "काका, हा मी फोडला. चूक माझी आहे."

त्यांनी एक तुकडा उचलला, उजेडाशी धरला. "कुठून गेला?"

"मानेपासून."

"मानेला पातळ झाला होता. मला ठाऊक होतं." तुकडा त्यांनी हळूच परत ठेवला. "तरी फोडायला नको होता."

"नको होता," ती म्हणाली.

शेडमधली माणसं थांबून बघत होती. काकांनी नाक ओढलं, नळी हातात घेतली आणि बाकाकडे मान केली. "बसा."

आम्ही बसलो. काकांनी भट्टीतून वितळलेल्या काचेचा गोळा नळीवर घेतला, फिरवला, फुंकला, पुन्हा धरला, पुन्हा फुंकला. तासाभराने तो तडकला. त्यांनी तो बादलीत टाकला आणि दुसरा घेतला. कॅमेऱ्याची पिशवी धाकटीच्या पायाशी होती. मी तिला कोपराने ढोसलं, "अगं, काय उजेड आहे हा! काढ ना." ती डोळेही न हलवता म्हणाली, "आत्ता नाही वहिनी. आत्ता आपण माफी मागायला आलोय."

त्या दिवशी दिवा झाला नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, बाकावर बसली, बघत राहिली. तिसऱ्या दिवशी, तिने मला नंतर सांगितलं, काकांनीच विचारलं, "तुम्ही फोटोवाल्या ना? मग नुसत्या बसता काय? कॅमेरा काय शोभेला आणलाय?"

"काढू?"

"मला काम थांबवायला सांगणार नसाल तर काढा."

ही बाई आयुष्यभर उजेडाला धाकात ठेवत आली होती. इकडे सरक, तिकडे वळ, एवढासाच पड. आणि इथे एकच उजेड होता, तोही भट्टीचा, तिच्या हुकमाबाहेरचा. तिने एकही दिवा लावला नाही. कुणाला हसा म्हटलं नाही, इकडे बघा म्हटलं नाही. काका जसे फिरतील तशी फिरली, ते थांबले की थांबली. संध्याकाळी घरी आली ती घामाने निथळत, तोंड लालबुंद, आणि दारातच मला म्हणाली, "वहिनी, दिवा झाला. आणि अजूनही काहीतरी झालंय, पण काय ते मला अजून नीट कळलेलं नाही."

ते आम्हाला फोटो बघून कळलं. एका फोटोत काकांचे गाल टम्म फुगलेले, डोळे मिटलेले, आणि नळीच्या टोकाला तो तापलेला गोळा, त्याचा सगळा उजेड त्यांच्या कपाळावर. शेजारी नळी फिरवणारा सोबती श्वास रोखून उभा. दिव्याचाही फोटो तिने नंतर काढला, आणि सुरेखच काढला. पण मालकीणबाईंनी पहिल्या पानावर काकांना घातलं. काकांनी पुस्तिका बघितली आणि म्हणाले, "बायको म्हणते, जन्मभर फुंकतोयस, पण इतका रुबाबदार कधी दिसला नाहीस." मग जरा थांबून, "फोडलात ते बरं केलंत असं मात्र मी म्हणणार नाही."

"म्हणू नका," धाकटी म्हणाली.

प्रदर्शनात ती पुस्तिका बऱ्याच जणांच्या हाती गेली. दोराच्या कारखान्याचा फोन आला, आमच्याकडच्या माणसांचे असे फोटो काढाल का? मग बसदुरुस्तीच्या कार्यशाळेचा, मग एका इस्पितळाचा. काही वर्षांत ही तिची ओळखच झाली. कामात बुडालेल्या माणसांचे फोटो हवे असतील तर टायरच्या दुकानावरचा जिना चढा. आणि एक दिवस त्या फर्निचर कंपनीच्या साहेबाचाच फोन आला. खुर्च्या संगणकावर होत होत्या, पण लोक विचारत होते, या बनवतं कोण? सुतारांचे फोटो हवे होते. माझा नवरा तावातावाने म्हणाला, "तोंडावर नाही म्हण त्याला!"

"का?" धाकटी म्हणाली. "सुतारांनी माझं काय बिघडवलंय?" ती गेली, आणि जाताना आपले दर जराही कमी केले नाहीत.

आता तिचे केस पांढरे झालेत आणि उजवा गुडघा दुखतो, पण फोटोसाठी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढायचं म्हटलं की तो कुठे जातो कोण जाणे. बाबा आणि आई आता नाहीत. तिचा एक शिरस्ता मात्र आहे. ज्याचा फोटो काढला त्याला त्याची एक मोठी प्रत द्यायची, आणि ती स्वतः नेऊन द्यायची. कंपनीमार्फत पाठवली तर कुठल्यातरी टेबलाच्या खणात राहते, असं तिचं म्हणणं. घरातला व्याप कमी झाल्यापासून मी तिच्याबरोबर जाते. ती गाडी चालवते, मी मांडीवर फोटो सांभाळते.

गेल्या महिन्यात आम्ही इस्पितळाच्या धुलाई विभागात गेलो होतो. तळघरात, यंत्रांच्या खडखडाटात, चादरी झटकणाऱ्या एका बाईंसाठी. फोटोत त्यांनी ओली चादर दोन्ही हातांनी डोक्यावर उडवली होती आणि वाफेत ती शिडासारखी फुगली होती. बाईंनी हात ॲप्रनला पुसले, फोटो घेतला, जवळ नेला, लांब धरला.

"ही मी?"

"तुम्हीच."

"रोज हेच करते मी. पण असं दिसतं होय?" मग त्यांच्या कपाळावर आठी आली. "पण हा लावू कुठे? एकच खोली आहे आमची. एका भिंतीला कपाट आणि दुसरीला खिडकी."

"खिडकी कुठल्या बाजूला आहे?" धाकटीने लगेच विचारलं. "सकाळचं ऊन येतं की दुपारचं?"

आणि मग त्या दोघी तिथेच, ओल्या चादरींच्या ढिगावर बोटाने खोलीचा नकाशा काढत, कपाट किती सरकवलं तर फोटोवर ऊन पडणार नाही, याचा खल करत बसल्या. मी घड्याळ बघितलं. अजून दोन ठिकाणी जायचं होतं. पण तिला घाई करून उपयोग नसतो, हे मला फार आधीच कळलंय. मी एक उलटी बादली ओढली आणि बसले.